दम्याच्या रकान्यातली खूण

माझ्या बायकोला दमा नाही. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तिलाही नाही.

तिला स्वतःला वाटतं की आहे. आमच्या मुलीला वाटतं, इथे गुजरातेत मांजलपूरच्या आमच्या सोसायटीतल्या सगळ्यांना वाटतं. लिफ्ट बंद असली आणि ती जिन्यात मध्येच थांबली, तर पहिल्या मजल्यावरच्या बेन आतून प्लास्टिकची खुर्ची आणतात आणि म्हणतात, "बेसो बेन, थोडो श्वास खावो." ती बसते. मी मागे भाजीची पिशवी घेऊन उभा असतो आणि तिच्याबरोबर मीही काळजीचा चेहरा करतो. दोन वर्षांपूर्वी हीच बाई दोन-दोन पायऱ्या एकदम चढायची. मग एका संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलापाशी बसून निळ्या पेनानं एका चौकटीत खूण केली आणि तिला दमा झाला. तिच्या आजाराचा इतिहास एवढाच.

हे मला जमलं याचं कारण माझी नोकरी. एका विमा कंपनीच्या कचेरीत मी एकतीस वर्षं छाननीच्या टेबलावर आहे. माणूस आयुष्याचा विमा काढायला येतो तेव्हा त्याला एक लांबलचक अर्ज भरावा लागतो. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, छातीचं कधी काही झालं होतं का. लोक सगळीकडे 'नाही' लिहितात. त्या 'नाही'कडे संशयानं बघायचा मला पगार मिळतो. धाप टाकत जिना चढून आलेल्या माणसानं माझ्यासमोर 'श्वसनाचा विकार: नाही' असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. पण नसलेला आजार लिहिणारा एकही माणूस मला इतक्या वर्षांत भेटला नाही. तो माझ्याच घरात निघायचा होता.

सोसायटीत माझी ख्याती अशी की साहेबांनी भरलेला फॉर्म परत येत नाही. पासपोर्टचा असो, नातवाच्या शाळाप्रवेशाचा असो, लोक रविवारी सकाळी कागद घेऊन येतात. घरचे फॉर्म तर माझ्याशिवाय कुणी भरतच नाही. मी भरतो, जिथे सही हवी तिथे पेन्सिलनं बारीक फुली मारतो, आणि बायको फुलीवर सही करते. वर काय लिहिलंय ते तिनं कधी वाचलं नाही. ती शाळेत हिंदी शिकवते, मुलांच्या पेपरातला एक अनुस्वार सोडत नाही. पण माझ्या अक्षरातला कागद आला की चष्मासुद्धा लावत नाही. कुठे, एवढंच विचारते.

आता पोहण्याचं. आमचं घराणं शिलेदारांचं. सरकारच्या, म्हणजे इथल्या महाराजांच्या, फौजेत होतो, असं आमच्याकडे अजूनही म्हणतात. 'होते' नाही, 'होतो'. घरात एक गोष्ट आहे की आमचे कुणी खापरपणजोबा घोड्यासकट नर्मदा पोहून गेले होते. ही नदी दर पिढीला रुंद होत गेली. माझ्या आजोबांच्या तोंडी तिला पूर नव्हता. तो काकांनी आणला. मगर माझ्या चुलतभावाची. अशा घरात मुलाला पोहायला वेगळं शिकवावं असं कुणाच्या मनात येत नाही. रक्तातच आहे म्हटल्यावर पैसे देऊन शिकवणी कशाला? मला पोहता येत नाही. गळ्यापर्यंत पाणी आलं की माझ्या कानात शिट्टी वाजू लागते.

लग्न ठरवायला गेलो तेव्हा तिनं मला एकच प्रश्न विचारला होता, "तुम्हाला पोहता येतं का हो?" तिच्या गावाला नदी नव्हती, तळं नव्हतं, तिला पाण्याचं भारी वेड. मी म्हटलं, "आमच्या घराण्यात सगळ्यांनाच येतं." हे वाक्य छाननीच्या डोळ्यांनी वाचलं तर त्यात मी कुठेही नाही. तिनं ते साध्या डोळ्यांनी वाचलं. त्यानंतर तीस वर्षं मी दीवला सर्दीनं आजारी होतो, दमणला माझी कंबर धरली होती, आणि नर्मदेकाठच्या यात्रेत मी सगळ्यांच्या चपला राखत होतो.

पन्नाशी उलटल्यावर तिचे गुडघे दुखू लागले. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला. महापालिकेच्या तरणतलावावर बायकांची दुपारची बॅच होती. शाळा सुटली की ॲक्टिव्हा काढून ती तिकडे जाऊ लागली. महिनाभर चालली, मग एक दिवस घरी येऊन म्हणाली, "अहो, आज पाय उचलले मी." मला कळेना. "पाय उचलले आणि बुडले नाही!" त्या दिवशी तिनं आमरस केला होता, आणि हंगाम संपत आलेला असताना आंबे कुठून आणले देव जाणे.

चार महिन्यांत गुडघे पार बरे झाले, आणि बॅच संपली तेव्हा घरच्यांना बघायला बोलावलं होतं. मी पायऱ्यांवर बसलो. निळी टोपी घातलेली माझी बायको या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि न थांबता परत आली. पोहायला शिकवणाऱ्या बाई काठावरून ओरडल्या, "वाह बेन! शुं दम छे!" बॅचमध्ये श्वास सगळ्यांत जास्त वेळ तीच धरायची म्हणे. पाण्याबाहेर तोंड काढून ती हसली. तिनं त्या बाईंकडे बघितलं, मैत्रिणींकडे बघितलं, आणि मग टॉवेलकडे. मी हात वर केला होता. तो मी हळूच खाली घेतला आणि डोकं खाजवलं.

पुढे मी जे केलं त्याचं खरं मूळ या पायऱ्यांवर आहे. पोहता येत नाही याची लाज होतीच. पण तीस वर्षांत पहिल्यांदा तिला असं काही मिळालं होतं ज्यासाठी माझी गरज नव्हती. ना फॉर्म भरायला, ना पेन्सिलची फुली मारायला. ते मला सहन झालं नाही. एवढं साधं आहे, आणि एवढं क्षुद्र.

लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा मुलीनं बंगळूरहून फोन केला. "आईबाबा, तुम्हाला अंदमानची तिकिटं काढते. आई, तिथे समुद्राच्या तळाशी नेतात. पाठीला हवेचं नळकांडं लावतात, तोंडात नळी, आणि बरोबर माणूस असतो. तुला मासे हाताशी दिसतील."

बायको फोनच्या आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "खरंच नेतात?"

"खरंच."

"आणि बाबा?"

"बाबांचं काय, त्यांच्या रक्तातच आहे!" मुलगी हसली. मीही हसलो. कानात शिट्टी वाजली.

ही बातमी समोरच्या फ्लॅटात पोचायला एक रात्र लागली. समोर एक गुजराती भाई राहतात. त्यांचं टाइल्सचं दुकान आहे, पोट मोठं, मन त्याहून मोठं. सकाळी दार उघडंच होतं, ते आत येऊन आमच्या हिंचक्यावर बसले आणि पायानं झोका घेत म्हणाले, "साहेब, अंदमान एकला एकला? अमने नइ कहेवानुं?" त्यांच्या मागून भाभी आल्या, हातात लिल्या, म्हणजे ओल्या बटाट्याच्या, चिवड्याचा डबा. झालं. दोघांची सहल चौघांची झाली आणि आमचा हिंचका सहल-समितीचं कार्यालय झाला.

आठवड्यातून तीन वेळा सभा भरायची. पहिल्या सभेत थेपले किती, यावर विचार झाला. भाईंचं म्हणणं माणशी रोज सहा, शिवाय विमान चुकलं तर राखीव चाळीस. भाभींचं म्हणणं समुद्राच्या हवेत थेपले तिसऱ्या दिवशी बुरसतात, म्हणून खाखरे. दुसऱ्या सभेत पाण्याखाली जाण्याआधी काय खावं, यावर दीड तास गेला. भाई कुठून तरी ऐकून आले होते की रिकाम्या पोटी खाली गेलं की चक्कर येते आणि भरल्या पोटी गेलं की उलटी होते. "तो पछी शुं करवानुं?" मग करायचं काय, असं त्यांनी मला विचारलं. मी फॉर्मातला माणूस, मी म्हटलं, "अर्धं पोट." हे त्यांना इतकं पटलं की त्यांनी वहीत लिहून घेतलं. तिसऱ्या सभेत भाईंनी आवाज खाली आणून विचारलं की ते बेट गुजरातच्या बाहेर आहे, म्हणजे तिथे संध्याकाळी जरा, थंडपेय वगैरे... भाभी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "सांभळुं छुं हं!" म्हणजे ऐकतेय हं, आणि तो विषय पुढील सभेपर्यंत तहकूब झाला.

या सगळ्यात समुद्राबद्दल फक्त माझी बायको बोलायची. ती मुलांच्या जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर माशांची नावं लिहून काढायची. पोपटमासा. विदूषकमासा. "अहो, एक मासा म्हणे रात्री स्वतःभोवती फुगा करून झोपतो," ती म्हणाली. भाई माझ्या बायकोलाही भाभीच म्हणतात; ते म्हणाले, "भाभी, एसी चालू ठेवून झोपत असेल." सगळे हसले. तीही हसली, पण तो कागद तिनं जपून पर्समध्ये ठेवला.

मी रात्रंदिवस एकच चित्र बघत होतो. होडी उभी आहे. भाई विचारतायत, "साहेब, तमे?" बायको पाण्यातून मान वर करून माझ्याकडे बघतेय. मला ठाम वाटत होतं की पोहता न येणाऱ्याला खाली नेत नाहीत. म्हणजे तिथे मला सगळ्यांसमोर सांगावं लागणार. नर्मदा, घोडा, पूर आणि मगर, सगळं एका वाक्यात बुडणार.

मग फॉर्म आले. पाण्याखाली नेणाऱ्या संस्थेनं मेलवर पाठवले होते, चार जणांचे चार. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून मी ते छापून आणले. सभेत ठराव झाला की फॉर्म साहेबच भरणार. त्या संध्याकाळी बायको सराव परीक्षेचे पेपर घेऊन आतल्या खोलीत बसली होती. मी टेबलापाशी बसलो.

सवयीनं मी पहिलं पान उलटलं आणि थेट आरोग्याच्या रकान्यांवर गेलो. एकतीस वर्षांत मी कुठल्याही अर्जाचं पहिलं पान वाचलेलं नाही; तिथे कंपन्या स्वतःचं कौतुक करतात. प्रश्न ओळखीचे होते. हृदयविकार, फिट येणं, कानाची शस्त्रक्रिया. आणि दमा, आता किंवा पूर्वी कधीही. विम्यात कुठल्या उत्तरानं अर्ज नुसता अडतो आणि कुठल्यानं बुडतो हे मला झोपेतही सांगता येतं. दमा आणि समुद्राचा तळ, यात शंकेला जागाच नाही.

माझ्या फॉर्मवर स्वतःला काही तरी लावून घ्यावं हे आधी डोक्यात आलं होतं. पण मग मी एकटा होडीत बसणार आणि ती खाली जाणार. तेच चित्र. तिचा फॉर्म पुढे ओढला आणि 'हो'च्या चौकटीत खूण केली. एक काम हातावेगळं झाल्यासारखं वाटलं.

"अगं, सही," मी हाक मारली.

लाल पेन कानावर ठेवून ती बाहेर आली. "कुठे?"

"फुलीवर."

सही करून ती म्हणाली, "अहो, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं?"

तीन दिवसांनी संस्थेचं उत्तर आलं, तेही आम्हा चौघांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. बाकी तिघांचं ठीक आहे. मॅडमना दमा असल्यामुळे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागेल, त्याशिवाय पाण्याखाली नेता येणार नाही. समिती हिंचक्यावर जमलेलीच होती. बायको मोबाइलकडे बघत राहिली.

"दमा? मला कुठे दमा आहे?"

उत्तर मी तयार ठेवलं होतं. "तुझ्या आईंनी मला सांगितलं होतं. लहानपणी तुला श्वास लागायचा म्हणून. फॉर्ममध्ये 'पूर्वी कधीही' असं विचारलंय. मग खोटं कसं लिहायचं? रोज लोकांची खोटी उत्तरं पकडतो मी, आणि घरचाच फॉर्म खोटा भरू?"

तिच्या आईंनी मला जे सांगितलं होतं ते असं: पाच वर्षांची असताना हिला एका पावसाळ्यात डांग्या खोकला झाला होता, बरी झाली. बस. त्या माउलीला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आता तिला कोण विचारणार? एका मेलेल्या बाईच्या तोंडी मी जन्मभराचा आजार घातला.

"आईनं मला कधी नाही सांगितलं," बायको म्हणाली.

"तू घाबरशील म्हणून."

हे मात्र तिला पटलं. आई तशीच होती. तिचे डोळे भरून आले, आणि ते दमा आहे म्हणून नव्हते, आईनं जपलं म्हणून होते. भाई हिंचका थांबवून म्हणाले, "साहेब, मानवुं पडे, मानावं लागेल. एवढी प्रामाणिकता!"

"पण तलावात तर मी सगळ्यांत जास्त वेळ श्वास धरते," ती म्हणाली.

"तेच तर," मी म्हटलं. "दमा आत लपून बसतो आणि खोल गेलं की उसळतो." हे वैद्यकशास्त्र त्या क्षणी हिंचक्यावर जन्माला आलं. भाभींनी लगेच दुजोरा दिला. त्यांच्या आतेसासूचं असंच झालं होतं म्हणे.

तरी ती म्हणाली, "डॉक्टरांना एकदा दाखवू. ते देतील कदाचित सर्टिफिकेट." तिचे पेपर संपले नव्हते, म्हणून मी म्हटलं की आधी मी एकटा जाऊन विचारून येतो. आमचे डॉक्टर निजामपुऱ्यात, पूर्वी आम्ही तिकडे राहायचो तेव्हापासूनचे. मी गेलो. नंबर घेतला, चौदावा. बाकावर बसलो. नववा नंबर आत गेला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे डॉक्टर हिला चांगले ओळखतात. ते फार तर छाती तपासून दोन ओळी लिहून देतील आणि ही समुद्रात जाईल. मी उठलो, समोरच्या गाडीवर सेव-उसळ खाल्ली, वरून जास्तीची तर्री घेतली, आणि घरी येऊन सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, या वयात जोखीम नको."

ती म्हणाली, "तुम्ही तरी जा हो. तुमची हौस कशाला मारायची?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तू नाही तर मीही नाही."

या पाच शब्दांनी माझं काय भलं केलं ते सांगतो. भाभींनी पदरानं डोळे पुसले. भाई उठून माझ्या गळ्यात पडले. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापर्यंत बातमी होती की साहेबांनी बायकोसाठी समुद्र सोडला. पोहणाऱ्या घराण्यातला माणूस, आणि बघा! ज्यांना नर्मदेची गोष्ट ठाऊक नव्हती त्यांना भाईंनी ती सांगितली. त्यांच्या गोष्टीत घोडे दोन होते.

आम्ही गेलो. चाळीस राखीव थेपल्यांसकट गेलो. बेट सुंदर होतं; त्यावर मी काही लिहिणार नाही, तो हक्क माझा नाही. सकाळी धक्क्यावर एका बारीक, काळ्यासावळ्या मुलीनं सगळ्यांना उभं करून सूचना दिल्या. तीच पाण्याखाली नेणार होती. भाईंनी पोटावर हात ठेवून घाबरत विचारलं, "बेटा, मुझे तैरना बिलकुल नहीं आता. चलेगा?"

"चलेगा अंकल, तैरना किसी को नहीं आता. मैं पकड़ के ले जाती हूँ. फॉर्म के पहले पेज पे लिखा था ना."

पहिल्या पानावर. मी बायकोकडे बघितलं नाही.

भाई आणि भाभी काळ्या रबरी पोशाखात शिरले. भाईंना शिरवायला दोन माणसं लागली. पाठीला नळकांडं, तोंडात नळी, आणि 'जय माताजी' म्हणता येत नव्हतं म्हणून ते नुसतंच हात जोडून पाण्यात गेले. होडीत उरलो आम्ही दोघं आणि होडीवाला. बायकोच्या मांडीवर चार टॉवेल होते. पाणी इतकं स्वच्छ होतं की वरूनही खाली काही तरी पिवळं हलताना दिसायचं. ती होडीच्या कडेवरून वाकून बघत होती. पर्समधून तो पाठकोरा कागद काढून तिनं एकदा वाचला आणि परत ठेवला.

मग माझ्या हातावर हात ठेवून ती म्हणाली, "माझ्यामुळे तुमचं राहिलं."

तेव्हा सांगता आलं असतं. होडीवाल्याला मराठी येत नव्हतं, आणि भाई वीस मिनिटं वर येणार नव्हते. एवढा निवांत वेळ आम्हाला तीस वर्षांत क्वचित मिळाला असेल. मी म्हटलं, "असू दे गं."

भाई वर आले ते लहान मुलासारखे. "भाभी! शुं कहुं तमने! आपल्या नवरात्रीची सगळी चणियाचोळी खाली पोहतेय!" ती त्यांना प्रश्नावर प्रश्न विचारू लागली. पोपटमासा होता का? कसा होता? हिरवा की निळा? जवळ आला का? भाईंना नावं माहीत नव्हती. ते हातवारे करून सांगत होते. ती एकेक मासा त्यांच्या हातवाऱ्यांवरून ओळखत होती, आणि भाभींच्या खांद्यावर टॉवेल टाकत होती.

त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत आमचा सत्कार झाला. भाई माइकवर बोलले. प्रेम काय असतं ते हल्लीच्या पोरांनी साहेबांकडून शिकावं, असं म्हणाले. शाल आणि श्रीफळ मी घेतलं. ती शाल अंगावर घेऊन मी आरतीलाही उभा राहिलो. नारळाची बायकोनं वडी केली, तीही खाल्ली. चांगली झाली होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित हे कधीच लिहिलं नसतं. पण तिनं दम्याचं मनावर घेतलं. आधी तलाव सोडला. पास संपला तेव्हा मी म्हटलं, "नवा फॉर्म आणू?" तर म्हणाली, "नको, उगाच पाण्यात काही झालं तर मुलीला त्रास." मग देवापुढची उदबत्ती गेली. मग शाळेच्या मैदानावर मुलांबरोबर धावणं. मग जिन्यात थांबणं आलं. मी बघत होतो, एकेक रकाना भरत जावा तसा. ती मैत्रिणींना सांगते, "आमच्या आईला माहीत होतं हो, ह्यांना तेवढं सांगून गेली." मी जेवत असलो तर मान खाली घालून जेवतो. तिला बरं नाही म्हणून मी आता भांडी घासतो, कपडे वाळत घालतो. त्याबद्दलही माझं कौतुक होतं.

गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला. तिला पाचवा महिना आहे. दवाखान्यात होती, मागे कुणीतरी नंबर पुकारत होतं.

"बाबा, पटकन सांगा. इथे फॉर्म आहे. घरात कुणाला काय काय आजार आहेत ते विचारलंय. आईला दमा कधीपासून, लहानपणापासून ना? बाळासाठी लागतं म्हणतायत."

मी आजोबा होणार आहे. आणि अजून जन्माला न आलेल्या त्या जिवाच्या कागदावर माझी निळी खूण चढणार होती. पुढे कधी ते मूल खोकलं की डॉक्टर तो कागद काढतील. आजीला होता, असं म्हणतील. कदाचित त्यालाही कुणी पाण्यात जाऊ देणार नाही.

"बाबा? लिहू ना?"

"नको," मी म्हटलं. "ती चौकट रिकामी ठेव."

"का? मग आईला नाहीये का?"

स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, "कोण आहे हो? काय म्हणतेय?"

"तू ती रिकामी ठेव," मी मुलीला म्हटलं, "मी सांगतो नंतर," आणि फोन ठेवला. बायकोला म्हटलं की ती बरी आहे, खातेपिते आहे. मुलीनं त्यानंतर दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी विषय नावांकडे वळवला. मुलगा झाला तर काय, मुलगी झाली तर काय. माझ्या आवाजात तिला काहीतरी जाणवलं असावं. काल तिनं विचारलं नाही. पुढच्या तपासणीला तो फॉर्म पुन्हा तिच्या हातात येणार आहे, आणि तो भरायला ती मला विचारणार नाही, आईला विचारेल. आई पेन्सिलची फुली शोधल्याशिवाय सांगून टाकेल, हो, लहानपणापासून.

पुढची तपासणी शनिवारी आहे. त्याच्या आत मला बोलायचं आहे.

मी बायकोचं देणं लागतो ते असं. तिला दमा नाही आणि कधीच नव्हता, तो मी लिहिला, हे तिच्या तोंडावर सांगणं. तिच्या आईंनी तसं काहीही सांगितलं नव्हतं, हे सांगणं. डॉक्टरांना मी भेटलोच नव्हतो, हे सांगणं. मला पोहता येत नाही, हे सांगणं. आणि त्या बेटावरची पाण्याखालची वीस मिनिटं, जी मला परत देता येतील की नाही हे माझ्या हातात राहिलेलं नाही. यातलं मी अजून काहीही दिलेलं नाही.